पापुद्र्यांतली वीज : उच्चतापी अतिवाहक आतून कसे असतात

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा बुटका, अरुंद गळ्याचा कॅन ठेवलेला असतो. झाकण उघडले की पांढरे धुके काठावरून खाली ओघळते. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठीत रेतमात्रा या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजनात बुडवून ठेवतात आणि काटोल, सावनेर, उमरेडकडच्या कोणत्याही पशुपालकाने तो कॅन पाहिलेला असतो. मी नागपुरात भौतिकशास्त्र शिकवतो आणि आमच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन येतो तोही अशाच कॅनमधून. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना या कॅनच्या आत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमान असते. निसर्गातले सर्वांत खालचे तापमान उणे २७३ अंश आहे, आणि तिथून मोजायला सुरुवात केली तर कॅनमधले तापमान ७७ केल्विन भरते. ज्या ‘उच्चतापी’ अतिवाहकांविषयी मला इथे लिहायचे आहे, त्यांचे महत्त्व याच ७७ या आकड्यामुळे आहे.

साध्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंच्या थरथरीवर आणि धातूतल्या अशुद्धींवर आदळत पुढे सरकतात, आणि त्या आदळण्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. कोराडीहून निघणाऱ्या वीजवाहिन्यांतही हेच घडते आणि घरातल्या इस्त्रीतही. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडन येथे हाइके कामरलिंग ऑनस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला गेला, तेव्हा त्याचा विद्युत रोध हळूहळू कमी होण्याऐवजी एकाएकी नाहीसा झाला. असा रोध नाहीसा होणाऱ्या पदार्थाला अतिवाहक म्हणतात. रोध नाही म्हणजे उष्णताही नाही. अशा पदार्थाच्या कड्यात एकदा प्रवाह सोडला की तो बॅटरीशिवाय वर्षानुवर्षे फिरत राहतो. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत एमआरआय काढायला जाणारा माणूस ज्या बोगद्यात झोपतो, त्याच्या भोवतीच्या वेटोळ्यांत असाच प्रवाह अखंड फिरत असतो. मात्र ती वेटोळी नायोबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांना द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागते. हेलियम दुर्मीळ आणि महाग आहे. शिवाय एक लिटर द्रवरूप नायट्रोजन उकळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्यासाठी साधारण ६० लिटर द्रवरूप हेलियम खर्ची पडतो. नायट्रोजन तर आपण श्वासात घेतो त्या हवेतच चार-पंचमांश आहे. त्यामुळे ७७ केल्विनच्या वर अतिवाहक राहणारा पदार्थ सापडणे म्हणजे एखाद्या कामाचा खर्च आवाक्याबाहेरून आवाक्यात येणे होते.

अतिवाहकाचे दुसरे लक्षण रोधाच्या अभावापेक्षाही मूलभूत आहे. १९३३ साली माइस्नर आणि ऑक्सनफेल्ड यांनी दाखवले, की अतिवाहक आपल्या अंतरंगातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. आम्ही विद्यार्थ्यांना हे थर्माकोलच्या वाटीत दाखवतो. वाटीच्या तळाशी उच्चतापी अतिवाहकाची नाण्याएवढी काळी वडी ठेवतो, तिच्यावर एक छोटा चुंबक ठेवतो आणि बाजूने नायट्रोजन ओततो. सुरुवातीला तो तापलेल्या तव्यावरच्या पाण्यासारखा तडतडतो. वडी पुरेशी गार झाली की उकळी शांत होते आणि त्याच सुमारास चुंबक स्वतःहून वर उचलला जाऊन दोन-तीन मिलिमीटरवर अधांतरी थांबतो. प्लास्टिकच्या चिमट्याने टिचकी मारली तर तो जागच्या जागी गरगर फिरतो, पण बाजूला घसरून पडत नाही. तो का घसरत नाही, याचे उत्तर पुढे येईल. ते या पदार्थांच्या उपयोगाशी थेट निगडित आहे.

धातूंमधल्या अतिवाहकतेचे स्पष्टीकरण बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली दिले. एक इलेक्ट्रॉन जाताना आसपासचे धनभारित अणू किंचित त्याच्याकडे ओढले जातात, आणि तो पुढे निघून गेल्यावरही ही ओढ क्षणभर उरते. त्या उरलेल्या ओढीमुळे दुसरा इलेक्ट्रॉन पहिल्याच्या मागे खेचला जातो आणि दोघांची जोडी जमते. अशा असंख्य जोड्या एकाच तालात वाहू लागल्या की सुट्या इलेक्ट्रॉनसारखे आदळणे थांबते, कारण एकाला थांबवायचे तर सगळ्यांचा ताल मोडावा लागतो. ही जोडी अणूंच्या थरथरीवर बेतलेली असल्यामुळे नाजूक असते आणि तापमान थोडे वाढले तरी तुटते. १९७३ साली नायोबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाने २३ केल्विन गाठले, त्यानंतर तेरा वर्षे तो आकडा हलला नाही, आणि ३० केल्विनच्या फार पुढे जाता येणार नाही असे बहुतेकांनी मनोमन मान्य केले.

ही कोंडी फुटली ती धातूंच्या बाहेर. झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत योहान्स गेओर्ग बेडनॉर्त्स आणि कार्ल अलेक्झांडर म्युलर यांनी १९८६ साली लँथेनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगात ३० केल्विनच्या वर अतिवाहकतेची चिन्हे पाहिली. हे संयुग म्हणजे एक सिरॅमिक, कपबशीच्या जातीचा पदार्थ, ज्यातून वीज चांगली वाहावी अशीही कुणाची अपेक्षा नसते. आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘संभाव्य’ हा शब्द घातला होता. विज्ञानात असा सावध शब्द वापरणाऱ्यांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. त्यांना नोबेल पारितोषिक पुढच्याच वर्षी मिळाले. १९८७च्या सुरुवातीला अमेरिकेत पॉल चू आणि मॉ-क्वेन वू यांच्या गटांनी लँथेनमच्या जागी इट्रियम घातले आणि संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिवाहक होतो ते तापमान, एका उडीत ९३ केल्विनवर नेले. नायट्रोजनची रेषा ओलांडली गेली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव आणि त्यांचे सहकारी अशा तांब्याच्या ऑक्साइडांवर आधीपासूनच काम करत होते. त्यांनीही त्याच वर्षी इट्रियमच्या संयुगावरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या संयुगात एका इट्रियममागे दोन बेरियम आणि तीन तांबे असतात, म्हणून प्रयोगशाळेत त्याला सरळ ‘एक-दोन-तीन’ म्हणतात. त्याची रचना समजली की पुढचे सारे सोपे होते, म्हणून इथे थोडे थांबू. अभ्रकाचा तुकडा नखाने उकलला की त्याचे पापुद्रे निघतात. एक-दोन-तीनचा स्फटिक तसाच थराथरांचा आहे, मात्र त्याचे थर अणूंच्या मापाचे आहेत. खालून वर जायचे तर आधी तांबे आणि ऑक्सिजन यांच्या साखळ्यांचा थर लागतो, त्यावर बेरियम-ऑक्सिजनचा, त्यावर तांबे आणि ऑक्सिजन यांचा सलग पत्रा, मग इट्रियमचा थर, मग पुन्हा तसाच पत्रा, पुन्हा बेरियम-ऑक्सिजन, आणि पुन्हा साखळ्या. थरांच्या या एका पूर्ण संचाला आपण घडा म्हणू. हा संपूर्ण घडा जेमतेम १.१७ नॅनोमीटर उंच असतो आणि त्यावर त्याच क्रमाने पुढचा घडा चढतो. दोन मिलिमीटर जाडीच्या स्फटिकात तांबे-ऑक्सिजनचे असे सुमारे ३४ लाख पत्रे एकावर एक रचलेले असतात.

सगळे नाट्य घडते ते या सलग पत्र्यात. चौकटीच्या कागदावर प्रत्येक छेदबिंदूवर तांब्याचा एक अणू आणि दोन तांब्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेच्या मध्यावर ऑक्सिजनचा एक अणू काढला, की पत्र्याचा नकाशा तयार होतो. शेजारच्या दोन तांब्यांतले अंतर ०.३८ नॅनोमीटरच्या आसपास असते. लँथेनमचे संयुग घ्या, इट्रियमचे, बिस्मथचे, थॅलियमचे किंवा पाऱ्याचे घ्या, बाकीचे थर बदलतात, पण हा पत्रा तसाच राहतो. बाकीच्या थरांना दोनच कामे असतात : पत्र्यांना अंतराअंतरावर धरून ठेवणे आणि त्यांच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेणे. पत्रे किती जवळजवळ आहेत यालाही महत्त्व आहे. पाऱ्याच्या संयुगांत एका घड्यात एक पत्रा असेल तर संक्रमण तापमान ९५ केल्विनच्या आसपास असते, तीन पत्रे असतील तर ते १३४ केल्विनच्या जवळ जाते, आणि चौथा पत्रा घातला की पुन्हा खाली येते. तीन पत्र्यांचा हा पदार्थ १९९३ साली सापडला आणि साध्या वायुदाबाखालचा त्याचा विक्रम पुढची अनेक वर्षे अबाधित राहिला. बिस्मथच्या संयुगाचे पापुद्रे तर साध्या चिकटपट्टीने उकलता येतात. २०१९ साली चीनमधल्या संशोधकांनी ते उकलत उकलत एकाच घड्याच्या जाडीपर्यंत नेले आणि दाखवले, की एकटा घडाही जवळपास अख्ख्या स्फटिकाइतक्याच तापमानाला अतिवाहक होतो. याचा अर्थ असा, की अतिवाहक होण्यासाठी लागणारे सगळे साहित्य त्या पातळ पापुद्र्यातच हजर असते.

आता या पत्र्यातले इलेक्ट्रॉन पाहू. मूळ स्थितीत, म्हणजे पत्र्यातून काहीही काढून घेतलेले नसताना, प्रत्येक तांब्यावर जोडीदाराशिवायचा एकेक इलेक्ट्रॉन असतो. पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या हिशेबाप्रमाणे असा पदार्थ उत्तम धातू असायला हवा. प्रत्यक्षात तो दुर्वाहक असतो. लग्नाच्या पंगतीत सगळे पाट भरलेले आहेत, प्रत्येक पाटावर एकेक माणूस आहे आणि एका पाटावर दोघांनी बसणे अतिशय अडचणीचे आहे, अशी कल्पना करा. माणसे हलती-बोलती असूनही कुणालाच जागा बदलता येत नाही. इलेक्ट्रॉनांचा एकमेकांना असलेला विरोध इथे इतका तीव्र असतो, की ते आपापल्या तांब्यावर अडकून पडतात. अशा पदार्थांना नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने मॉट दुर्वाहक म्हणतात.

या अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमध्ये आणखी एक शिस्त असते. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबक आहे आणि त्याच्या दिशेला स्पिन म्हणतात. शेजारच्या पाटावर क्षणभर टेकून परत येण्याची मुभा इलेक्ट्रॉनला फक्त तेव्हाच असते, जेव्हा तिथल्या इलेक्ट्रॉनचे स्पिन त्याच्या विरुद्ध असते. एवढी मोकळीक मिळाली तरी ऊर्जा कमी होते, म्हणून सगळा पत्रा बुद्धिबळाच्या पटासारखा रचला जातो : एक स्पिन वर, शेजारचे खाली, त्याच्या शेजारचे पुन्हा वर. लँथेनमच्या शुद्ध संयुगात ही रचना ३२५ केल्विनच्या आसपासपर्यंत, म्हणजे नागपूरच्या उन्हाळी दुपारीही टिकून राहते. त्यावरून तिच्यामागचे बळ लक्षात यावे.

मग पंगतीतून काही माणसे उठवायची. तीन धनभार देणाऱ्या लँथेनमच्या काही अणूंच्या जागी दोनच देणारा स्ट्राँशियम बसवला, की हिशेब पुरा करण्यासाठी पत्र्यातून तेवढे इलेक्ट्रॉन कमी होतात आणि रिकाम्या जागा तयार होतात. त्यांना होल म्हणतात. दर शंभर तांब्यांमागे दोनच जागा रिकाम्या झाल्या तरी वर-खालीची शिस्त लांबवर टिकत नाही. पाचच्या पुढे अतिवाहकता दिसू लागते, सोळाच्या सुमारास ती शिखरावर असते आणि सत्तावीसच्या आसपास ती संपून पत्रा साधा धातू होतो. उत्तम दुर्वाहक आणि साधा धातू यांच्या मधल्या या अरुंद पट्ट्यातच सगळे नवल दडलेले आहे. माझ्या मते या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे, की रोधरहित वीज वाहून नेणारा पदार्थ मुळात वीज अडवणाऱ्या पदार्थापासून घडतो.

एक-दोन-तीनमध्ये होल तयार करण्याचे काम साखळ्यांच्या थरातला ऑक्सिजन करतो, आणि हे मी पुस्तकातून नव्हे, एका फसलेल्या वडीतून शिकलो. इट्रियम ऑक्साइड आणि बेरियम कार्बोनेट या दोन पांढऱ्या पुडी आणि तांब्याचे काळे ऑक्साइड अगेटच्या खलात तास-दीड तास घोटायचे, राखाडी मिश्रण ९०० अंशांच्या वर भट्टीत भाजायचे, पुन्हा घोटायचे, पुन्हा भाजायचे, आणि शेवटी दाबून वडी करून ती एकदा पक्की भाजायची, अशी कृती आहे. बेरियम कार्बोनेट विषारी असल्यामुळे हातमोजे आणि मास्क लावूनच हे करावे लागते. त्या दिवशी कॅनमधला नायट्रोजन संपत आला होता, म्हणून मी घाई केली आणि वडी लाल असतानाच भट्टीतून काढून बाहेर गार केली. रंग हवा तसा काळा आला होता, पण चुंबक काही केल्या उचलला गेला नाही. कारण एवढेच होते, की तापलेल्या अवस्थेत साखळ्यांतला ऑक्सिजन निघून गेलेला असतो आणि तो परत शिरायला वेळ द्यावा लागतो. सूत्रात, म्हणजे दर तीन तांब्यांमागे, ऑक्सिजनचे प्रमाण ६ असेल तर हा पदार्थ चक्क दुर्वाहक असतो, ६.६ च्या आसपास असेल तर ६० केल्विनला अतिवाहक होतो, जे नायट्रोजनच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ६.९ च्या वर गेले की ९० केल्विन ओलांडतो. तीच वडी नंतर ऑक्सिजनच्या मंद झोतात ४५० अंशांवर रात्रभर ठेवून सावकाश गार केली, तेव्हा चुंबक पहिल्याच प्रयत्नात उचलला गेला.

वडी न फोडता तिच्यातला ऑक्सिजन अजमावण्याची एक पद्धत आहे, आणि तिचे नाव नागपूरकरांना अनोळखी नाही. वडीवर लेसरचा झोत टाकून विखुरलेला प्रकाश तपासला, की बेरियमच्या थरातल्या ऑक्सिजनच्या कंपनाची एक रेषा दिसते, आणि एकूण ऑक्सिजन वाढेल तशी ती सरकत जाते. हा रामन परिणाम. गांधीसागराजवळचे विज्ञान केंद्र ज्यांच्या नावाने आहे, ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१०च्या सुमारास सरकारी लेखा खात्यातले अधिकारी म्हणून याच शहरात होते. त्यांचा हा शोध मात्र नंतरचा, १९२८ सालचा.

होल पत्र्यात फिरू लागल्यावर त्यांच्या जोड्या कशामुळे जमतात, या प्रश्नावर चार दशकांनंतरही भौतिकशास्त्रज्ञांचे एकमत नाही. अणूंची थरथर एकटी पुरेशी नाही, याबद्दल मात्र बहुतेकांचे एकमत आहे. फिलिप अँडरसन यांनी जानेवारी १९८७ मध्ये बंगळूरच्या एका परिषदेत सुचवले, की वर-खाली स्पिनांच्या जोड्या मूळ दुर्वाहकातच बांधलेल्या असतात आणि होल आल्यावर त्या फक्त वाहायला मोकळ्या होतात. ही कल्पना पुढे नेणाऱ्यांत चेन्नईचे जी. बास्करन अग्रभागी होते. दुसरे काही शास्त्रज्ञ विस्कटत चाललेल्या त्या वर-खाली रचनेच्या लहरींनाच जोडी जमवणारा दुवा मानतात. प्रयोगांनी एक गोष्ट निश्चित केली आहे, आणि ती म्हणजे जोडीचा आकार. जुन्या धातूंतली जोडी सर्व दिशांना सारखी असते. इथली जोडी चार पाकळ्यांच्या फुलासारखी आहे : पाकळ्या तांबे-ऑक्सिजनच्या रेषांच्या दिशेने पसरलेल्या, त्यांची चिन्हे आळीपाळीने अधिक आणि उणे, आणि कर्णांच्या दिशेने जोडीचे बळ शून्य. अमेरिकेत त्सुएई आणि कर्टली यांनी १९९४ साली तीन स्फटिक विशिष्ट कोनांत जोडून एक कडे तयार केले. अतिवाहक कड्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र एरवी एका ठरावीक किमान मापाच्या पटीतच असते, पण या कड्यात ते त्या मापाच्या बरोबर निम्मे भरले. पाकळ्यांची चिन्हे खरोखर उलटसुलट असतील तरच असे निम्मे माप येऊ शकते.

पापुद्र्यांमुळे मिळालेला हा गुण वापरायला गेले की तेच पापुद्रे आडवे येतात. पत्र्याच्या पातळीत वीज सहज वाहते, पण एका घड्यातून वरच्या घड्यात जाताना ती अडखळते. शिवाय जोडीतल्या दोघांमधले अंतर ॲल्युमिनियममध्ये हजारभर नॅनोमीटरपेक्षा जास्त असते, तर एक-दोन-तीनच्या पत्र्यात ते दीड-दोन नॅनोमीटर आणि पत्र्याला लंब दिशेने त्याहूनही कमी असते. एवढ्या आखूड जोडीला दोन कणांमधली साधी फटसुद्धा खिंडार वाटते. आमच्या वडीतले कण वेडेवाकडे पडलेले असतात. शेजारच्या दोन कणांचे पत्रे दहा अंशांहून अधिक फिरलेले असले की त्यांच्यामधून जाऊ शकणारा प्रवाह कित्येक पटींनी घसरतो. म्हणूनच चुंबक उचलणारी वडी तार म्हणून मात्र निरुपयोगी ठरते. सिरॅमिक असल्यामुळे ती वाकवता येत नाही, आणि नागपूरच्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिली तर बिघडूही लागते. आमच्या वड्या सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात राहतात.

चुंबक बाजूला का घसरत नाही, हा प्रश्न इथेच सुटतो. क्षेत्र जरा प्रबळ असले की हे पदार्थ ते संपूर्णपणे बाहेर ढकलत नाहीत. बारीक दोऱ्यांच्या रूपात ते आत शिरू देतात आणि प्रत्येक दोऱ्याभोवती प्रवाहाचा भोवरा फिरत असतो. प्रवाह वाढला की हे भोवरे सरकू लागतात, आणि ते सरकले की रोध परत येतो. पदार्थात जिथे दोष असतो तिथे भोवरा अडकून पडतो. वडीत असे दोष मुबलक असल्यामुळे भोवरे खिळून राहतात आणि त्यांच्याबरोबर चुंबकही. तार करणाऱ्यांना म्हणूनच दुहेरी कसरत करावी लागते : सगळे कण एका रेषेत आणायचे, आणि त्या रेषेत राहून भोवऱ्यांना खिळवणारे बारीक दोष मुद्दाम पेरायचे.

आजची तार खरे तर एक फीत असते, सहसा चार किंवा बारा मिलिमीटर रुंद. सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीची निकेलच्या मिश्रधातूची पट्टी हा तिचा पाया. त्यावर अणूंची दिशा ठरवून देणारे काही पातळ थर चढवतात आणि त्यावर एक-दोन मायक्रोमीटरचा अतिवाहक थर अशा रीतीने वाढवतात, की सर्व पत्रे फितीशी समांतर झोपलेले राहतील. वरून चांदी आणि तांब्याचे अस्तर येते. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ साली नायट्रोजनने थंड केलेली एक किलोमीटर लांबीची वीजवाहिनी जमिनीखाली घातली गेली, ती बिस्मथच्या संयुगाची होती. इट्रियमच्या कुळातल्या फितींची वेटोळी करून २०२१ साली अमेरिकेत २० केल्विनवर २० टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यात आले. धंतोलीतल्या एमआरआयचे क्षेत्र सहसा दीड किंवा तीन टेस्ला असते. २० टेस्लाच्या त्या चुंबकात कित्येक किलोमीटर फीत गुंडाळलेली होती, आणि तिच्या टोकापासून टोकापर्यंत तांबे-ऑक्सिजनचे पत्रे एकमेकांशी काही अंशांच्या आत जुळवून झोपवलेले होते.